वाकळ शिवताय? आधी कापड ओळखा! आहेराच्या साड्यांची गोधडी का फसते, वाचा सविस्तर

वाकळ शिवायची सुई गावातल्या दुकानात मिळते, दोरा मिळतो, शिवायला बसणाऱ्या बायाही अजून आहेत. कमी पडलंय ते कापड. घरातलं कपाट उघडलं तर साड्या अंगावर कोसळतात, पण त्यातली वाकळेला चालेल अशी सुती साडी शोधायला गेलं तर एखादी सापडते, नाहीतर तीही नाही. मग आहेरात आलेल्या चार-सहा साड्या एकावर एक टाकायच्या आणि टाके घालायला बसायचं, असं बऱ्याच घरात चाललंय. दिसायला वाकळ झकास होते. अंगावर घेतली की खरं काय ते कळतं.

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या आपल्या दुष्काळी पट्ट्यात गोधडीला वाकळ म्हणतात. सीमेपलीकडं कर्नाटकात तिलाच कौदी म्हणतात. लहान बाळासाठी केली की ते दुपटं. नाव कुठलंही असू दे, तिचा सगळा जीव कापडात असतो.

यात बाईचे कष्ट किती जातात ते आधी बघा. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी साधी एकट्याची वाकळ धरू. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर ठेवलं तर ६४ ओळी होतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची. म्हणजे ३८४ फूट, जवळजवळ ११७ मीटर लांबीचा धावदोरा एका वाकळेत हातानं घालावा लागतो. दुपारची कामं उरकून बसणाऱ्या बाईचे यात पंधरा दिवस ते महिना जातो. कापड चुकलं तर हा सगळा महिना पाण्यात. म्हणून सुई हातात घ्यायच्या आधी कापडाला वेळ द्या.

सुतीच कापड का?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. बायकांच्या अंगावर सुती नऊवारी लुगडं, पुरुषांचं धोतर, पटका, बंडी, पंचा, सगळं सुताचंच. वापरून वापरून मऊ झालं की वाकळेत जायचं. पुढं टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन आलं. धुवायला सोपं, लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग उडत नाही, वर स्वस्त. रानात काम करणाऱ्या बाईला ते सोयीचंच पडलं, त्यात तिचं काही चुकलं नाही. पण अंगात घालायला सोयीचं ते पांघरायला सोयीचं असतंच असं नाही.

सुताचा गुण म्हणजे ते ओल ओढून घेतं. साध्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओलावा धरून ठेवतं. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून पॉलिस्टरची वाकळ घेतली की मध्यरात्री अंगाला घाम चिकटतो, काढून टाकली की थंडी वाजते. बाळाच्या दुपट्याचं तर बोलायलाच नको. बाळानं दुपटं ओलं केलं तर सुती थर ते शोषतात, सिंथेटिक थरावरून ते पसरून बाळाच्या पाठीखाली जातं.

दुसरी गोष्ट घसरण्याची. गुळगुळीत साड्यांचे थर आतल्या आत सरकतात. शिवताना घडी हलते, शिवल्यावर टाक्यांवर ताण येतो आणि वर्षभरात कापडाला टाक्याच्या जागी भोकं पडायला लागतात. सुती कापड एकमेकाला धरून बसतं.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. आपल्याकडं थंडीत शेकोटी असते, चुलीजवळ अंथरूण असतं, लाईट गेली की दिवा-मेणबत्ती असते. सुती कापडही पेट घेतं, त्यात शंका नाही, आगीपासून ते लांबच ठेवायचं. पण पॉलिस्टर आणि नायलॉन नुसतं जळत नाही, ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. ती भाजलेली जखम खोल जाते. म्हातारी माणसं आणि लहान पोरं यांच्या पांघरुणात तरी हा धोका घेऊ नये.

कापड ओळखायचं कसं?

दुकानदार "कॉटन" म्हणतो म्हणून ते सुती असतं असं नाही. कॉटन सिल्क, कॉटन मिक्स अशा नावांखाली काहीही विकलं जातं. जुन्या साडीवर तर चिठ्ठीच नसते. घरच्या घरी तीन परीक्षा करता येतात.

पहिली पाण्याची. धुतलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. सुती असेल तर थेंब लगेच आत जातो. पॉलिस्टर असेल तर थेंब वर मोत्यासारखा राहतो, नाहीतर नुसता घरंगळतो. नव्या कोऱ्या कापडावर ही परीक्षा करू नका, कारण त्याला खळ असते. सुती असूनही ते पाणी घेत नाही. आधी एकदा धुवा, मग बघा.

दुसरी जाळून बघण्याची. कापडाच्या कडेचे चार-पाच धागे काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळलेल्या कागदाचाच येतो आणि मागं मऊ करडी राख राहते, बोटानं चुरली की पीठ होते. पॉलिस्टर आधी आकसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. थंड झाल्यावर तो मणी बोटानं फुटत नाही. टेरिकॉट म्हणजे दोन्हींची भेसळ, ते जळतंही आणि राखेत कडक खडेही लागतात. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. ही परीक्षा घराबाहेर, खाली पाण्याचं ताट ठेवून करा. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात मुळीच नको. वितळलेल्या मण्याला लगेच हात लावू नका.

तिसरी परीक्षा रेयॉनसाठी. हल्ली कुर्ती, गाऊन, ड्रेस यात रेयॉन फार आलंय. हात लावला तर मऊ, थंड, सुतासारखंच. पाणी पितं, जाळलं तर कागदासारखंच जळतं. म्हणून इथं भलेभले फसतात. एक धागा काढा, मधोमध जिभेनं ओला करा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. रेयॉन ओल्या जागी पटकन तुटतं. सुताचा धागा ओला झाला की उलट मजबूत होतो, तो तुटला तर कोरड्या जागी तुटतो. वाकळ म्हणजे ओढ्यावर नेऊन आपटून धुवायची वस्तू. ओलं झालं की कमजोर होणारं कापड तिच्यात फार दिवस टिकत नाही. रेयॉन वापरायचंच तर वरच्या थराला एखादं ठिगळ म्हणून वापरा, भार त्याच्यावर नको.

घरातलं काय चालतं?

वाकळेला कोणतं कापड कुठं जातं ते लक्षात ठेवलं की घरातल्या घरातच बरंच निघतं.

• सुती लुगडं, सुती साडी: सगळ्यात उत्तम. अस्तराला आणि आतल्या थराला दोन्हीकडं चालते.

• धोतर, पटका, फेटा, उपरणं, पंचा: आतल्या थरासाठी यांच्यासारखं कापड नाही. मऊ असतं, सुई लोण्यासारखी जाते.

• जुनी सुती चादर, बेडशीट: खालच्या बाजूला अखंड टाकायला सोयीची. सोलापुरी चादर असेल तर ती जाड असते, मध्ये एकच टाका, दोन टाकल्या तर सुई वाकते.

• पॉपलीनचा परकर, सुती लुंगी, पायजमा, नेहरू शर्ट: शिवण उसवून सपाट कापड करा. नाडीची पट्टी, बटणं, खिसे, जाड शिवण काढून टाका.

• ब्लाउजचं सुती अस्तर, सुती ओढणी, खणाचे तुकडे, इरकलीचा पदर: वरच्या थराच्या नक्षीला. जर असलेला काठ असेल तर कापून वेगळा करा, जर टोचते आणि धुतल्यावर काठ आकसून कापड चुण्या घेतं.

• जीन्स: कापड सुती असलं तरी जाड आणि जड. हातसुईनं सहा थरांवर जीन्सचं ठिगळ शिवायला गेलं तर बोटं सुजतात. अंथरायच्या वाकळेला काठाला वापरा, पांघरायच्या नको.

• बनियन, टी-शर्ट: होजिअरीचं कापड ताणतं. शेजारचं कापड ताणत नाही. दोन्ही एकत्र शिवलं की चुण्या पडतात. पायपुसणी करा.

• शाळेचे गणवेश: बहुतेक टेरिकॉटचे असतात. जाळून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कापड सुती असलं तरी ते कुजलेलं नको. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हलकासा झटका द्या. फर्रकन फाटलं तर ते संपलंय. उजेडाला धरून बघा, विरळ झालेली जागा लगेच दिसते. नऊवारी लुगडं काष्ट्याच्या आणि बसण्याच्या जागी आधी विरतं, पण पदर आणि निऱ्यांचा भाग चांगला असतो. म्हणून अख्खं लुगडं टाकून देऊ नका, विरलेला भाग कापून चांगला भाग घ्या. थोडं विरलेलं पण न कुजलेलं कापड आतल्या थरात चालतं, वरखाली मजबूत असलं म्हणजे झालं.

ही कापडं वाकळेत घालूच नका

फवारणीचे कपडे. डाळिंब, द्राक्ष, कापूस, भाजीपाला ज्यांच्याकडं आहे त्या प्रत्येक घरात फवारणीचा एक जुना शर्ट आणि पायजमा ठरलेला असतो. तो बहुतेक वेळा सुतीच असतो आणि म्हणूनच वाकळेत जायची भीती जास्त. औषध कापडात मुरतं, दोन-चार धुण्यांत सगळं जातंच असं नाही. ती वाकळ रात्रभर नाकातोंडाशी असते. हे कपडे धुवायचेही वेगळे आणि संपले की वाकळेच्या गाठोड्यात टाकायचे नाहीत. घरातल्या बाईला माहीत नसेल तर फवारणी करणाऱ्यानं स्वतः सांगावं.

खताची, पेंडीची, सिमेंटची प्लास्टिक पोती. अंथरायच्या वाकळेला जाडी यावी म्हणून काही जण आत पोतं घालतात. त्यातून हवा खेळत नाही, ओल आत राहते, बुरशी धरते. खताच्या पोत्याला खताचा अंशही असतो.

डिझेल, ग्रीस, ऑइल लागलेले कपडे. ट्रॅक्टर किंवा मोटार दुरुस्तीला वापरलेली चिंधी कितीही धुतली तरी वास राहतो आणि पेटायलाही वेळ लागत नाही.

कापड जमवायचं कुठून?

पहिलं ठिकाण आपलंच घर आणि भावकी. दारावर बोहारीण आली की जुने कपडे देऊन भांडं घ्यायची आपल्याकडं पद्धत आहे. घाईत काय दिलं हे बघितलं जात नाही आणि नेमकं आजीचं सुती लुगडं त्या गठ्ठ्यात जातं. तेव्हा आधीच दोन बोचकी वेगळी ठेवा, एक सुती आणि एक बाकीचं. बोहारणीला बाकीच्यातलं द्या.

दुसरं ठिकाण म्हणजे घटस्थापनेच्या आधीचं धुणं. नवरात्राआधी घरातलं झाडून सगळं ओढ्यावर, विहिरीवर धुवायला निघतं. त्याच दिवशी कपड्यांची निवड करून टाका. कोणतं कापड कुठवर आलंय ते धुताना हाताला कळतं. तिथून उन्हाळ्यापर्यंत सहा महिने मिळतात. दर महिन्याला दोन कपडे जमले तरी चैत्र-वैशाखात रान मोकळं होईपर्यंत एका वाकळेचं साहित्य तयार होतं.

तिसरं ठिकाण शिंप्याचं दुकान. ब्लाउज, परकर, पायजमा शिवून उरलेली कात्रणं वरच्या नक्षीला कामी येतात. शिंप्याला आधी सांगून ठेवा, सुती वेगळं ठेवा म्हणून, नाहीतर सगळी भेसळ एका पोत्यात येते. तळहाताएवढ्या तुकड्यापेक्षा लहान घेऊ नका. चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणजे चार इंचाचा चौकोन शिवल्यावर तीन इंचाचा उरतो. तीन इंचाचा दोनचाच उरतो, मेहनत मात्र तेवढीच.

चौथं, लग्नाचा आहेर. टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, साडी हे या घरातून त्या घरात फिरतच राहतं, वापरत कुणीच नाही. त्यातले पंचे, उपरणी आणि सुती ब्लाउजपीस बाजूला काढा. काही घरांत आता आहेर करतानाच "पाहुण्यांनो, द्यायचंच तर सुती द्या" असं सांगायला लागलेत. चांगली गोष्ट आहे. त्याच पैशात नऊ जणांना नको असलेल्या साड्या देण्यापेक्षा चौघांना वापरात येईल असं कापड दिलेलं बरं.

पाचवं, विकतचं. जुनं सुती नाहीच मिळालं तर नवीन मांजरपाट घ्या. हे न रंगवलेलं, साधं सुती कापड आतल्या थरासाठी चांगलं. वरच्यासाठी पॉपलीन किंवा केंब्रिक. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही आपल्या राज्यातली मागाची गावं. चार-पाच जणींना लागणार असेल तर किरकोळ दुकानातून प्रत्येकीनं दोन मीटर घेण्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी अख्खा तागा मिळून घ्या. घ्यायच्या आधी एक वीतभर तुकडा मागून घ्या आणि वर सांगितलेल्या परीक्षा करा.

किती कापड लागेल, हिशेब असा

नऊ वार म्हणजे २७ फूट. लुगड्याचा पन्हा साधारण चार फूट धरला, तर एका नऊवारीच्या चार घड्या केल्या की पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद असा चार थरांचा गठ्ठा तयार होतो. म्हणजे एका अख्ख्या लुगड्यात उन्हाळा-पावसाळ्याची हलकी वाकळ निघते.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे १८ फूट. तिच्या तीन घड्या केल्या की सहा फुटांचे तीन थर. अशा दोन सुती साड्यांत सहा थर होतात. वर नक्षीचा थर वेगळा घातला की सात. आपल्याकडच्या थंडीला एवढी वाकळ पुरते. आठ थरांच्या वर जाऊ नका. सुई ओढत नाही आणि धुतल्यावर ती ओली वाकळ दोघींनाही उचलत नाही.

जोडीची वाकळ करायची तर पन्हा पुरत नाही, दोन पट्ट्या जोडाव्या लागतात. तेव्हा प्रत्येक थराचा जोड एकाच जागी येऊ देऊ नका. पहिल्याचा डावीकडं, दुसऱ्याचा उजवीकडं असा सरकवा. सगळे जोड एकावर एक आले की तिथं दोरखंडासारखा उंचवटा होतो आणि पाठीला रुततो.

धुतल्याशिवाय कात्री लावू नका

जुनं कापड बऱ्याच धुण्यांतून गेलेलं असतं, ते आणखी आकसत नाही. नवीन सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आकसतं, मीटरला तीन ते पाच सेंटिमीटरसुद्धा. खाली जुनी साडी आणि वर न धुतलेलं नवं पॉपलीन घालून वाकळ शिवली, की पहिल्याच धुण्यात वरचं आकसतं आणि खालचं झोळ खातं. म्हणून नवं कापड रात्रभर भिजत घालून, धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच मापाला घ्या.

रंगाचंही तसंच. लाल, गडद निळा, काळा, बाटलीचा हिरवा हे रंग जास्त सुटतात. ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं ठेवून तीन-चार वेळा धुवा आणि पुन्हा घासून बघा. मिठाच्या पाण्यात किंवा तुरटीत भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, पण बाजारातल्या आजच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नका. चार धुण्यांनंतरही रंग सुटतच असेल तर ते कापड फिक्या कापडाशेजारी लावायचंच नाही. लाल ठिगळानं पांढऱ्या धोतराचा थर गुलाबी केला की तो परत पांढरा होत नाही.

थर लावताना

खालचा थर अंगाला लागतो, तो सगळ्यात मऊ आणि शक्यतो अखंड ठेवा. मधले थर विरळ, मऊ, रंग न सुटणारे. वरचा थर मजबूत, कारण दिसतो तोच आणि घासतोही तोच. डोक्याकडची आणि पायाकडची बाजू आधी झिजते, आपण ओढतो ती तिथंच. त्या दोन्ही कडांना घट्ट विणीचं कापड ठेवा, चारी बाजूंनी पट्टी लावून गोट घाला.

सगळ्या थरांचा ताणा एकाच दिशेनं, म्हणजे लांबीच्या बाजूनं ठेवा. कापडाची किनार ज्या दिशेनं जाते ती ताण्याची दिशा. त्या दिशेनं कापड कमी ताणतं. तिरपं कापलेलं कापड ओढलं तसं लांबतं, त्यामुळं तिरक्या तुकड्यांना खाली सरळ कापडाचा आधार हवाच.

दोरा सुती घ्या, जाड घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही म्हणून काही जणी तो वापरतात. पण दोरा कापडापेक्षा फार दणकट असला की ओढ बसल्यावर दोरा राहतो आणि जुनं मऊ कापड कापलं जातं. तुटलेला दोरा परत घालता येतो, चिरलेलं कापड नाही.

गाठोडं कसं ठेवायचं?

जमवलेलं कापड वाकळ होईपर्यंत सहा महिने टिकलं पाहिजे. पूर्ण वाळल्याशिवाय ठेवू नका, नाहीतर काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती साडीतच गाठोडं बांधा आणि ट्रंकेत ठेवा, उंदीर लागत नाहीत. वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. श्रावणातल्या उघडिपीत एकदा बाहेर काढून ऊन दाखवा. आत तीन भाग करा: अखंड मोठी कापडं, मधले तुकडे, नक्षीची ठिगळं. मग शिवायला बसल्यावर सगळं घर पसरावं लागत नाही.

पैसे घेऊन शिवणाऱ्यांसाठी

बचत गटाच्या बायका आता शहरातल्या गिऱ्हाईकांच्या वाकळा शिवून देतात. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात, पुण्याच्या भीमथडी जत्रेत गावच्या मालाला गिऱ्हाईक असतं. काही लोक आईच्या, आजीच्या साड्या आणून देतात आणि म्हणतात, याची गोधडी करा. हे काम जोखमीचं आहे. ती आजी आता नाही आणि ती साडीही दुसरी मिळणार नाही. म्हणून काही नियम पाळा.

साड्या ताब्यात घेताना गिऱ्हाइकासमोरच उघडा, मोजा, फोटो काढा. कुठं विरली, कुठं डाग, ते तेव्हाच दाखवा. रंगाची आणि पाण्याची परीक्षा करून, काय सुती आणि काय सिंथेटिक ते व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा. कापायला हो म्हणाल्यावरच कात्री लावा. आठवणीची साडी सिंथेटिक निघाली तर नाही म्हणायचं कारण नाही. तिचे मोठे तुकडे वरच्या थराला लावा, आत आणि खाली सगळं सुती घाला. जुनं रेशीम घडीवर चिरतं, त्याच्या प्रत्येक तुकड्याला मागून मऊ सुती कापडाचा आधार द्या. आणि आतलं सुती कापड तुम्ही घालणार असाल तर त्याचे पैसे मजुरीत धरू नका, वेगळे लावा. बऱ्याच बाया इथंच मार खातात. शिलाईचा दर ठरतो आणि कापड पदरचं जातं.

मग सिंथेटिक साड्यांचं काय करायचं?

त्या टाकाऊ नाहीत, फक्त त्यांची जागा वेगळी. रानडुकरांपासून राखणीसाठी बांधाला साड्यांचं कुंपण करायला सिंथेटिक साडीच बरी, पावसात कुजत नाही. डाळिंबाची फळं उन्हानं करपू नयेत म्हणून बागेवर साड्या टाकतात, तिथंही त्याच चालतात. पायपुसणी, वळलेली दोरी, ट्रॅक्टरच्या सीटचं बसकर, धान्याच्या राशीवरचं झाकण, सगळ्याला उपयोग आहे. सुती साडी मात्र बांधाला नेऊ नका. दोन पावसांत ती कुजेल आणि घरात एक वाकळ कमी होईल.

थोडक्यात लक्षात ठेवा

• पाण्याचा थेंब, जळलेला धागा, ओला धागा: तिन्ही परीक्षांत उतरलं तरच कापड मुख्य थराला घ्या.

• नवं कापड धुऊन आकसवून, रंग तपासून मगच कात्री लावा.

• फवारणीचा कपडा आणि खताचं पोतं वाकळेत कधीच नको.

• दोन सुती साड्यांत एकट्याची सहा थरांची वाकळ होते.

• बाळाचं दुपटं आणि म्हाताऱ्या माणसाचं पांघरूण पूर्ण सुतीच ठेवा, त्यात तडजोड नको.

या वर्षीची शिवणी उन्हाळ्यात असेल तर गाठोडं बांधायला आजपासून सुरुवात करा. आजी-आत्याच्या ट्रंकेत जुनं लुगडं असेल तर त्यांना विचारून बघा, आणि बोहारीण दारात यायच्या आधी विचारा.